झाकली मूठ

"तुम्हीच ना ते रेडिओवरचे कोस्केला? तुम्ही माझ्या काकाला मारलंत."

वेंडेल कोस्केलाच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात व्हिनेगर-मिठाची चिंधी. समोर जुन्या वर्तमानपत्रावर त्याची तार पाठवायची पितळी कळ सुटी करून मांडलेली होती: पट्टी, स्प्रिंग, दोन स्क्रू आणि बोटाखालची काळी गुंडी. शनिवारी दुपारी जेवण झालं की तो ही कळ खोलून, घासून, पुसून पुन्हा जोडायचा. खरं तर ती घासण्याआधीही स्वच्छच असायची. पण अंगठ्याखाली पितळ उजळत जातं तेव्हा जे सुख होतं, ते ज्याने कधी काही घासलं नाही त्याला सांगून समजायचं नाही. त्याची बायको व्हर्ना म्हणायची, "माझे चांदीचे चमचे मात्र लग्नापासून काळेच आहेत."

"कोण काका?" वेंडेलने विचारलं.

"आर्व्हिड निएमी. मी त्याची पुतणी, मार्लिस."

वेंडेलने चिंधी खाली ठेवली. "अहो मार्लिसबाई, आर्व्हिड तर ऑक्टोबरातच गेला."

"कुठे गेला? हा काय, इथे खिडकीत बसलाय. आत्ता वाटीभर खीर खाल्ली, त्यातली अर्धी माझ्या ॲप्रनवर." पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला. "झटका आला त्याला. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली. म्हणून मी त्याला इथे आणलं, मी काम करते त्या वृद्धाश्रमात. पण कान शाबूत आहेत हो त्याचे! रोज सकाळी तुमची ती हजेरी ऐकतो. त्या दिवशीही ऐकत होता. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पोचवलंत, आणि तो ऐकत होता. त्याचं घर आवरताना तुमचं नाव-नंबराचं कार्ड मिळालं आज, नाहीतर आधीच फोन केला असता."

वेंडेलला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी आनंदही झाला. आर्व्हिड जिवंत होता.

ही हजेरी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या काठावर पूर्वी हौशी रेडिओवाले पुष्कळ. बर्फाने रस्ते बंद झाले की ही मंडळी आपापल्या तळघरात नाहीतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात यंत्रासमोर बसून एकमेकांची विचारपूस करत. त्यातूनच सकाळच्या कॉफीच्या वेळची हजेरी सुरू झाली. वेंडेल नावं पुकारी, ज्याचं नाव येई तो हुंकार देई. मग कोणाचा गुडघा कसा आहे, कोणाच्या कचऱ्याच्या डब्यात अस्वलाने तोंड घातलं, एवढं बोलणं होई. हजेरी तोंडाने आणि निरोप कळीने, असा नियम होता. शेवटी प्रत्येक जण कळीवर त्र्याहत्तरचा आकडा वाजवी. जुन्या तारवाल्यांच्या भाषेत त्र्याहत्तर म्हणजे 'सगळं शुभ असो'. एके काळी नावं पुकारता पुकारता वेंडेलची कॉफी गार व्हायची. आता इतकी थोडी नावं उरली होती की शेवटच्या नावापर्यंतही कॉफीने जीभ पोळायची.

वेंडेलने नोकरी केली ती जिल्ह्याच्या रस्तेखात्याच्या गॅरेजात, सुट्या भागांच्या खिडकीवर. बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर येत, नट-बोल्ट मागत, तो देई. त्याचं नाव कोणी घेत नसे. "ए खिडकी, तो मोठा पाना दे," असं चाले. हजेरीत मात्र त्याने नाव घेतल्याशिवाय कोणाचाही दिवस उजाडत नसे. त्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण ज्याच्या आयुष्यात दुसरं काही एवढंही नाही, त्याला हे पुरतं.

कळ वाजवण्याची प्रत्येकाची ढब निराळी असते. तिला रेडिओवाले त्या माणसाची 'मूठ' म्हणतात. आवाज ऐकू न येताही मुठीवरून माणूस ओळखू येतो. लोरेन बोड्री आयुष्यभर शाळेची बस हाकायची, तिची मूठही तशीच होती, दर थांब्यावर धक्का. गस टर्व्होची मूठ घसरडी. ठिपके, म्हणजे आखूड ठोके, कुठे संपले आणि रेघा, म्हणजे लांब ठोके, कुठे सुरू झाल्या त्याचं त्यालाही कळत नसे. आर्व्हिड निएमीच्या मुठीला मात्र वळण होतं. एखाद्याचं अक्षर मोत्यासारखं असतं, तशी ती मूठ होती. त्र्याहत्तर वाजवताना शेवटच्या दोन लांब ठोक्यांआधी तो किंचित थांबायचा, दार ओढून घेण्याआधी माणूस मागे वळून बघतो तसा.

तो थांबा आपल्या मुठीत यावा म्हणून वेंडेल वर्षानुवर्षं झटला. हजेरी संपली की यंत्र बंद करून नुसत्या कळीवर तेवढंच वाजवत बसायचा. जमलं नाही ते नाहीच. आर्व्हिडला त्याने हे कधी सांगितलंही नव्हतं. समोरासमोर ते दोघं एकदाच भेटले होते, जुन्या यंत्रांच्या बाजारात, आणि दोघंही इतके लाजले की हवापाण्याचं बोलून पांगले.

सप्टेंबर सरता सरता आर्व्हिड हजेरीला यायचा बंद झाला. वेंडेलने फोन केला तर तो तोडलेला. मग एके सकाळी गस म्हणाला, "आपला आर्व्ह निएमी गेला म्हणे. सहकारी दुकानात कॉफी पिताना ऐकलं. दफनही झालं."

घोळ झाला तो इथे. फिनलंडहून खाणकामाला आलेल्यांचा हा मुलूख. दगड भिरकावला तर तो निएमीला लागतो, आणि निएमीला चुकला तर कोस्केलाला. गेला तो आर्वो निएमी, म्हातारा खाटीक. त्याने जन्मात रेडिओला हात लावला नव्हता. पण आर्वोलाही लोक आर्व्ह म्हणत आणि आर्व्हिडलाही आर्व्हच.

आणखी चार ठिकाणी विचारायला हवं होतं. पण आजचं काम उद्यावर टाकायचं नाही, हा वेंडेलचा बाणा. पेन्सिलीला टोक काढलेलं, कळ पुसलेली, कॉफीचा मग कान उजवीकडे करून ठेवलेला, असं असल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. आठवडाभर ढिलाई केली असती तर खरं-खोटं बाहेर आलं असतं. त्याने त्याच रात्री श्रद्धांजली लिहून काढली.

रेडिओवाले कोणी मेला असं म्हणत नाहीत. 'त्याची कळ मुकी झाली' म्हणतात. त्याचं नाव शेवटचं पुकारायचं, मिनिटभर सगळ्यांनी गप्प राहायचं, मग आठवणी सांगायच्या, आणि ते नाव हजेरीतून कायमचं उतरवायचं. वेंडेलने सगळं रीतसर केलं. लोरेन म्हणाली, "टोमॅटोबद्दल बोलून बोलून त्याने माझे कान किटवले, आणि आता ते ऐकायला मिळणार नाही म्हणून मी रडतेय, काय मूर्ख बाई मी!" गस म्हणाला, "माझी शिडी त्याच्याकडेच राहिली. राहू दे बापड्याला." आणि वेंडेल म्हणाला, "या सरोवराच्या काठावर त्याच्यासारखी मूठ दुसरी नव्हती. मी ती चोरायचा फार प्रयत्न केला. हे त्याला जिवंतपणी सांगायला हवं होतं."

बोलणं छान झालं, असं त्याला स्वतःलाही वाटलं. व्हर्नाने डोळे टिपले. त्या दिवशी त्याने वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे जास्त खाल्ले. आता फोन हातात धरून उभं असताना त्याला नेमके ते तुकडे आठवले.

"जा आणि भेट त्याला," व्हर्ना म्हणाली. "असली माफी फोनवर मागायची नसते."

सोमवारी सकाळची हजेरी उरकून तो निघाला. कळ आणि ती दाबली की वाजणारा लहानसा भोंगा त्याने तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात घातला होता. वाटेत सरोवर राखेच्या रंगाचं दिसत होतं, पण वेंडेलच्या डोक्यात बेत शिजत होता आणि पूल ओलांडेपर्यंत तो शिजून तयार झाला. आर्व्हिडच्या खिडकीत छोटं यंत्र बसवायचं. एरियलची तार बाहेरच्या झाडावर टाकायची. बोलता येत नाही तर न का येईना, हजेरीही त्याने कळीनेच द्यावी. लोरेनला आणि गसला आधी काही कळू द्यायचं नाही. एके सकाळी फक्त म्हणायचं, "मंडळी, मुकी कळ बोलती झाली." हे वाक्य त्याने गाडीत दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. बऱ्याच दिवसांत तो इतका खूश झाला नव्हता.

वृद्धाश्रमात उकडलेल्या कोबीचा वास भरून राहिला होता. मार्लिस स्वयंपाकघरातून ॲप्रनला हात पुसत आली. रुंद हाडाची, थकलेली बाई. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"रेडिओवर उंच वाटता," ती म्हणाली. "या. हा घ्या तुमचा मेलेला माणूस."

आर्व्हिड चाकांच्या खुर्चीत होता. उजवा हात उशीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला. खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा रेडिओ होता. वेंडेल त्याच्यापुढे उभा राहिला तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"आर्व्हिड," वेंडेल म्हणाला. "मी."

ते ऐकताच आर्व्हिडने डोळे मिटले. त्याला वेंडेल ओळखायला डोळे लागत नव्हते. मग तोंडाची डावी बाजू हळूहळू वर गेली.

"चुकलो रे मी," वेंडेल म्हणाला. "त्या गसचं ऐकलं. गसचं ऐकून आजवर कोणाचं भलं झालंय?"

आर्व्हिडच्या घशातून घरघर आली. ते हसू होतं.

"अक्षरांची पाटी दिलीय त्याला इथल्या लोकांनी," मार्लिस म्हणाली. "एकेक अक्षर दाखव म्हणाले. त्याने भिरकावून दिली."

वेंडेलने डबा उघडून कळ आणि भोंगा आर्व्हिडच्या डाव्या हाताशी ठेवला. पितळ चमकत होतं. आर्व्हिड ते बघत राहिला. मग त्याने बोट गुंडीवर टेकवलं.

भोंगा वाजला आणि वेंडेलने खाली बघितलं. ठिपका लांबत होता, रेघ मध्येच तुटत होती. बोट थरथरलं की एकाचे दोन ठोके होत. पहिलं अक्षर दोनदा चुकलं. लिहिणाऱ्याला आपलं वाईट अक्षर बघवत नसलं तर निदान डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत. आर्व्हिड स्वतःला ऐकत होता. पण वेंडेल तुकडे जुळवत गेला आणि वाक्य लागलं.

'लोरेन खरंच रडली?'

"रडली की! नंतर म्हणाली, सर्दी झालीय."

पुन्हा घरघर. तेवढ्याने वेंडेलला धीर आला आणि त्याने सगळा बेत भडाभडा सांगून टाकला. यंत्र, झाडावरची तार, ते वाक्यसुद्धा. "उद्याच सामान घेऊन येतो. दोन दिवसांत तू हजेरीत. काय म्हणतोस?"

आर्व्हिडने कळीवर बोट ठेवलं. या वेळी अक्षरं थोडी होती आणि एकही चुकलं नाही.

'नको.'

"का पण? अरे, मी चूक कबूल करतो. माझी शोभा झाली तर होऊ दे."

आर्व्हिड बराच वेळ वाजवत होता. मध्ये दोनदा हात घसरून मांडीवर पडला, तो त्याने पुन्हा उचलून ठेवला. वेंडेलला मदत करावीशी वाटली, पण मदत करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

'ही मूठ माझी नाही. माझी त्यांच्याकडे आहे. तीच राहू दे.'

खिडकीबाहेर कोणीतरी बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकत होतं. आर्व्हिडचं बरोबर होतं. लोरेन आणि गस त्याचं स्वागत करतील, आणि मग रोज सकाळी हे अडखळणं ऐकून गप्प बसतील. त्यांच्या गप्प बसण्यातली दयाही आर्व्हिडला ऐकू येईल. त्याच्यासारखा कान दुसऱ्या कोणाला नव्हता.

"म्हणजे मी रोज हजेरीत खोटं वागू?" वेंडेल म्हणाला.

'खोटं नाही,' आर्व्हिडने वाजवलं. 'थोडं लवकर.'

मार्लिस दारात उभी होती. "काय म्हणतोय तो?"

"खीर गोड होती म्हणतोय."

"साखरच नव्हती त्यात," मार्लिस म्हणाली, पण तिने पुढे काही विचारलं नाही.

निघताना वेंडेल कळ उचलू लागला तेव्हा आर्व्हिडने डावा हात तिच्यावर आडवा ठेवला. नियम म्हणजे नियम. निरोप कळीने. त्याने त्र्याहत्तर वाजवायला घेतलं. सात कसाबसा झाला. तिनाचे तीन ठिपके झाले. मग तो थांबला, शेवटच्या दोन ठोक्यांआधी थांबायचा तसा. वेंडेल वाट बघत राहिला. थांबा लांबला, फार लांबला. बोट गुंडीवर होतं, पण खाली जात नव्हतं. मग हात आपोआप घसरला आणि आर्व्हिडने तोंड खिडकीकडे फिरवलं.

ते दोन ठोके राहिलेच. वेंडेलने कळ डब्यात ठेवली, आणि झाकण लावताना ते दोनदा निसटलं.

घरी आल्यावर त्याने व्हर्नाला सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "त्याची आहे, त्याला झाकायची आहे. तू उघडू नकोस."

"पण मला माहीत आहे ना!"

"मग तुला माहीत असू दे."

दुसऱ्या दिवशी वेंडेलने लोरेनचं नाव पुकारलं, गसचं पुकारलं. दोघांनी हुंकार दिला. निरोप झाले. पण त्याने यंत्र लगेच बंद केलं नाही. एक नाव पुकारायला आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्याने रिकामा सोडला.

"वेंडेल, झोपलास की काय रे?" लोरेन म्हणाली.

"कॉफी ओतत होतो."

तेव्हापासून तो रोज एवढा वेळ सोडू लागला. सरोवर गोठलं, खिडक्यांपर्यंत बर्फ चढलं, आणि रोज सकाळी नावांच्या शेवटी ही रिकामी जागा आली. त्या जागेत आर्व्हिड बसलेला असायचा, कट्ट्यावरच्या रेडिओपाशी, डोळे मिटून. लोरेनने दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. वय झालं की माणसं मध्येच थांबतात, असं तिने ठरवून टाकलं असावं. कळ पुसण्यात वेंडेलला पूर्वीसारखी गोडी राहिली नाही. पण तो पुसायचा, कारण शनिवार आला की करायचं तरी काय.

यंत्र आणि तारेचं वेटोळं त्याने तळघरात बांधून ठेवलं होतं. एखादे दिवशी आर्व्हिडचं मन बदलेल असं त्याला वाटायचं. मार्लिसला फोन करून तो विचारायचा, "काही म्हणाला का?" मार्लिस म्हणायची, "काय म्हणणार? सकाळी तुमचा आवाज आला की गप्प बसतो. बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड."

मार्चमध्ये, बर्फ चिखलाचं होऊ लागलं तेव्हा, मार्लिसचा फोन आला. या वेळी भांड्यांचा आवाज नव्हता.

"काल दुपारी," ती म्हणाली. "झोपेतच. सकाळी तुमची हजेरी ऐकली होती त्याने." मग म्हणाली, "तुम्ही लोक काहीतरी करता ना, कोणी गेलं की?"

"करतो," वेंडेल म्हणाला.

पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आर्व्हिडच्या वाटचं मिनिट ऑक्टोबरातच खर्च झालं होतं, शब्दही खर्च झाले होते. मेलेल्या माणसाला पुन्हा मेला म्हणून कसं सांगायचं? मार लागला तर माणूस ओरडतो, कोणीतरी धावून येतं. हा मुका मार होता. वेंडेलने फोन ठेवला आणि व्हर्नाकडे बघितलं. तिने गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या सकाळी कॉफीचा मग, पेन्सिल, कळ, सगळं जागच्या जागी होतं. त्याने लोरेनला पुकारलं. तिचा गुडघा दुखत होता. मग गसला.

"हजर," गस म्हणाला. "अरे, ऐकलंत का? पुलापलीकडे आणखी एक निएमी गेला म्हणे. हे निएमी मेले मरतात किती आणि उरतात किती!"

"जाऊ दे रे," लोरेन म्हणाली. "निदान हा आपला नव्हता."

वेंडेलने मग उचलला आणि न पिता खाली ठेवला. "हं," तो म्हणाला. "चला, निरोप."

लोरेनने तिच्या धक्क्याधक्क्याने त्र्याहत्तर वाजवलं. गसने घसरत घसरत वाजवलं. वेंडेलने आपलं वाजवलं. मग रोजच्यासारखा रिकामा वेळ सोडला. आज त्या जागेत कोणी नव्हतं, तरी तो थांबला. आणि मग त्याने कळीवर दोनच लांब ठोके दिले.

"हे काय रे?" लोरेन म्हणाली. "नुसतं शेपूट? आधीचं कुठे गेलं?"

"स्प्रिंग ढिली झालीय," वेंडेल म्हणाला. "शनिवारी बघतो."

त्याने यंत्र बंद केलं, त्यावर फडकं टाकलं, आणि कॉफी प्यायला घेतली. ती गार झाली होती.